पावती कुठली आणि गुन्हा कुठला, हे पोरांना कोण सांगणार?

पुण्यात नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे, एकशेदहा खुर्च्या. बहुतेक पोरं-पोरी एमपीएससीची नाहीतर सरळसेवेची तयारी करणारी, बीड, लातूर, परभणी, जळगाव, सगळीकडची. एकवीस वर्षं हेच काम करतोय त्यामुळे कुठला फॉर्म कसा भरायचा, कुठे सही, कुठे फोटो, कुठे साक्षांकन हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण मागच्या महिन्यात एक पोरगा, आठ महिन्यांपूर्वीच निवड यादीत नाव आलेला, ज्याच्या नावाचे पेढे आम्ही खाल्ले, तो रात्री दहा वाजता आला आणि म्हणाला सर एक मिनिट बाहेर येता का. जिन्यात उभं राहून त्याने खाकी पाकीट काढलं. कारणे दाखवा नोटीस होती. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नेमणुकीआधी पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्मात, माहिती लपवली म्हणून तुमची निवड रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत द्या.

मी विचारलं काय लपवलंस रे. तो म्हणाला, "सर, मॅचची पावती."

मला दोन मिनिटं काही कळेचना. मग त्याने पाकिटातून घडी घालून घालून चुरगळलेला एक कागद काढला, बाराशे रुपयांचा, आणि मी तो ट्यूबलाइटखाली धरून वाचला तेव्हा पोटात गोळा आला. कारण ती ट्रॅफिकची पावती नव्हती. कोर्टात भरलेल्या दंडाची होती.

झालं होतं असं. १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार, नवरात्र चालू, गहुंजेच्या स्टेडियमला वर्ल्डकपची भारत-बांगलादेश मॅच. पाच जणांनी मेसचे पैसे वाचवून तिकिटं काढलेली. कोहलीने सिक्स मारून मॅच पण संपवली आणि शतक पण केलं, १०३ नाबाद, वनडेतलं ४८वं. आता अशा मॅचमधून बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा काय अवस्थेत असेल ते ज्याने आयुष्यात एकदा तरी स्टेडियममध्ये बसून मॅच बघितलीय त्याला सांगायला नको. बाहेर आले तर रिक्षा नाही, कॅब बुक होते आणि कॅन्सल होते, गाड्यांची रांग हलत नाही. मग चालायला लागले किवळ्याच्या दिशेने, तासभर चालले, एका चहाच्या टपरीपाशी वीस-पंचवीस पोरं पिपाण्या वाजवत नाचत होती त्यात हे पण घुसले. सर्व्हिस रोडवर. गाड्या अडत होत्या हे तो स्वतःच सांगतो, खोटं बोलत नाही. पोलिसांची गाडी आली, बाकीचे पांगले, आणि ह्या पाचातला एक जण म्हणाला, काय साहेब, जिंकलो की आपण. त्या एका वाक्यावर पाचही जण गाडीत.

रात्री अडीचपर्यंत बसवून ठेवलं, नावं पत्ते घेतले, सकाळी कोर्टात या म्हणाले. महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ११०, ११२ सह ११७, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन आणि शांतता बिघडेल असं वागणं. सकाळी तिथे कुणीतरी, पोलीस होता का वकिलाचा माणूस होता त्याला आता आठवत नाही, ह्यांना सांगितलं की कबूल म्हणा, दंड भरा, विषय संपला, नाहीतर तारखा पडत बसतील. नंबर आला. गुन्हा कबूल आहे का? हो साहेब. बाराशे. पुढचा. तो म्हणतो सर मला खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांचा चेहरा पण आठवत नाही इतक्या पटकन झालं. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली, पाचही जण शिवाजीनगरला येऊन मिसळ खाऊन झोपले.

विषय संपला असं त्याला खरंच वाटलं. आणि माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीभोवती आहे, की त्याला तसं वाटण्यात त्याची काहीही चूक नव्हती.

बघा, आपण मराठीत दोन्हीला पावतीच म्हणतो. सिग्नल तोडला, मामाने पावती फाडली. हेल्मेट नव्हतं, मोबाइलवर ई-चलान आलं, भरलं. आणि कोर्टात कबूल केलं, दंड भरला, तरी हातात पडते ती पावतीच. पण कायद्यात ह्या दोन कागदांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तुम्ही ट्रॅफिकवाल्याकडे जो दंड भरता ती तडजोड असते, पैसे भरले की त्या गुन्ह्याची पुढे काही कारवाई होत नाही, कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं असं कुठेही होत नाही. कोर्टापुढे उभं राहून कबूल म्हणालात तर ती दोषसिद्धी. दंड शंभर रुपये असो नाहीतर बाराशे, शिक्षा झालेला माणूस म्हणून तुमचं नाव तिथे लागलं. पूर्वी निदान हे त्या ठाण्याच्या रजिस्टरमध्ये पडून राहायचं, आता ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नाव टाकून कुणीही केस शोधू शकतो.

आणि साक्षांकन नमुन्यातला तो प्रश्न नीट वाचा कधीतरी. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला भरला गेला आहे का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र घेतलं होतं का, दंड झाला आहे का, कोर्टाने दोषी ठरवलं आहे का. दंड हा शब्द वेगळा आहे तिथे. आमच्या पोराने सगळ्यापुढे "नाही" लिहिलं. का, तर त्याच्या डोक्यात गुन्हा म्हणजे चोरी, मारामारी, खून. सर्व्हिस रोडवर नाचलो त्याची पावती भरली, तो गुन्हा कसा? त्याच्या वडिलांना तर अजून माहीतच नाही, ते परळी भागात दुसऱ्याच्या शेतात सालाने आहेत आणि गावात मुलगा साहेब झाला म्हणून सांगून बसलेत.

इथे कायदा निर्दय आहे असं पण नाही हो. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अवतार सिंग केसमध्ये सांगून ठेवलंय की माहिती खरीच द्यायला पाहिजे, पण कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, जो आधी सांगितला असता तरी नोकरीला अपात्र ठरवलं नसतं, तर तो लपवला गेला तरी नेमणूक करणाऱ्याने विवेक वापरून सोडून द्यायला हरकत नाही. घोषणा देणं आणि मॅच जिंकल्यावर नाचणं ह्यात मला तरी फरक दिसत नाही. पण विवेक वापरणं हे त्या टेबलावरच्या माणसावर अवलंबून, आणि फाइल किती दिवस तिथे पडेल ते पण त्याच्यावरच. बॅचमधली बाकीची पोरं ट्रेनिंगला गेली.

आता कुणी म्हणेल की कायदा मोडला तर भोगा. मान्य. मी मॅचच्या दिवशी सगळं माफ करा असं अजिबात म्हणत नाहीये, आणि काही गोष्टींना तर एक पैशाची सूट नको. दारू पिऊन गाडी चालवणं ही त्यातली पहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत आणि १५ हजार, आणि ते कलम २०० च्या तडजोडीत येतच नाही, कोर्टात जावंच लागतं. ते बरोबरच आहे. कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली मेले ते पुणं विसरलेलं नाही. गर्दीत पोरींना धक्के मारणारे, त्यांना तर सोडूच नका. मैदानात घुसणारे, तिथे पण मला कीव येत नाही. २०१९ च्या दक्षिण आफ्रिकेच्या टेस्टमध्ये गहुंजेलाच एक जण धावत जाऊन रोहित शर्माच्या पायाशी पडला आणि रोहितचा तोल गेला, उद्या अशा माणसाच्या हातात काही असलं तर? आणि मार्च २०२१ ला प्रेक्षक नसलेल्या वनडेवर स्टेडियमच्या आसपासच्या उंच जागांवरून दुर्बिणी लावून सट्टा घेणारे ३३ जण पकडले, तो धंदा आहे, तिथे पोलिसांना सलामच.

माझं म्हणणं उरलेल्यांबद्दल आहे. ओरडणारे, नाचणारे, पिपाणी वाजवणारे, हुज्जत घालणारे, चुकीच्या जागी बाइक लावणारे. ह्यांना दंड करा, जरूर करा, चांगला झोंबेल एवढा करा, पण तो दंड पैसे भरल्यावर संपला पाहिजे. आयुष्यभर फॉर्मवर त्याचं उत्तर द्यायला लागू नये.

आणि ह्या उरलेल्यांतले निम्मे गुन्हे तर जागेमुळे होतात, असं मी स्पष्ट म्हणेन. मी १९९४ ला पुण्यात आलो. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम, वर्ल्डकप, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनिया १६६ ला ऑलआउट झाल्यावर आम्ही म्हणलं चला लवकर घरी जाऊ, आणि समोर लाराची वेस्ट इंडीज ९३ ला गुंडाळली. आम्ही वेड्यासारखे ओरडत स्वारगेटवरून टिळक रोडने चालत नवी पेठेत आलो, वाटेत उसाचा रस प्यायलो, पोलीस होते चौकात, ते पण हसत होते. आमच्यावर काय म्हणून केस होणार होती? गाडी नव्हती तर नो पार्किंग नाही, हेल्मेट नाही, ट्रिपल सीट नाही, हायवे अडवला नाही. तीच पोरं तेच वेड, फक्त घर चालत जायच्या अंतरावर होतं.

२०१२ ला स्टेडियम गहुंजेला गेलं. पेठांपासून पंचवीसेक किलोमीटर, एक्स्प्रेस वेच्या कडेला, जिथे टू-व्हीलरला मुळात परवानगीच नाही. जवळचं रेल्वे स्टेशन बेगडेवाडी, तिथून लोणावळा लोकल, पण रात्री मॅच सुटल्यावर लोकल किती आणि माणसं किती. मेट्रो पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत, निगडीचं काम चालू आहे, तिथून पुढे परत आहेच. पीएमपी मॅचला जादा गाड्या सोडते पण ३५-४० हजार माणूस एकाच वेळी गेटबाहेर पडतो तेव्हा त्या गाड्या पण त्याच ट्रॅफिकमध्ये उभ्या असतात. मग पोरं बाइकवर जाणार, तिघं जाणार कारण दोन बाइकचं पेट्रोल परवडत नाही, हेल्मेट आत नेऊ देत नाहीत म्हणून एकच हेल्मेट घेऊन जाणार किंवा घेऊनच जाणार नाहीत, पार्किंग भरलं की शेताच्या बांधाला बाइक लावणार, आणि परत येऊन बघतात तर बाइक टो झालेली. ह्यातली एकेक गोष्ट नियमाविरुद्ध आहे, पण संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्यावर उभं राहून मला कुणीतरी दाखवावं की नियमात बसून आत जायचा रस्ता नेमका कुठला होता.

आयोजकाला मात्र काही होत नाही. ऑक्टोबर २०२४ ची न्यूझीलंड टेस्ट आठवा, पहिल्या दिवशी भर उन्हात प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना, लोकांनी घोषणा दिल्या, संघटनेला माफी मागावी लागली. माफीवर भागलं. प्रेक्षकाने घरून पाण्याची बाटली आणली तर गेटवर फेकून देतात, आणि आत पाणी नाही. मी म्हणतो ज्याने तिकीट विकलं त्याने माणसाला आणायची, न्यायची, गाडी लावायची, पाणी प्यायची सोय केली का, हे परवानगी देताना बघायला पाहिजे आणि नसेल केली तर पहिली पावती त्याच्या नावाने फाटली पाहिजे. ४ जून २०२५ ला बंगळुरूला चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, ती माणसं फक्त आनंद साजरा करायला आलेली होती. इंग्लंडमध्ये १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानात चेंगरून ९७ प्रेक्षक गेले (शेवटचा तर कित्येक वर्षांनी गेला), आणि सुरुवातीपासून दोष कुणावर, तर प्रेक्षकांवर, दारू पिऊन आले, दंगा केला. २०१६ ला ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती. सत्तावीस वर्षं त्यांच्या आईबापांनी ते ऐकून घेतलं. गर्दी म्हणजे बेशिस्त असं आधीच धरून चाललं की मग सोय कमी पडली हे कुणाच्या डोळ्यालाच दिसत नाही.

पोलिसांबद्दल मला राग नाही हे पण लिहितो, कारण त्यातले कित्येक माझ्याच खुर्च्यांवर बसून गेलेत. एक जण आता शिपाई आहे, मॅच बंदोबस्ताला दुपारी अकराला उभा राहतो तो रात्री एकला सुटतो, जेवण म्हणजे पाकिटातली पुरीभाजी. त्याला मी हा सगळा प्रकार सांगितला तर तो म्हणाला सर, त्या वेळेला रस्ता मोकळा करणं एवढंच डोक्यात असतं, पाच जणांना उचललं की पन्नास जण पळतात. आणि दुसऱ्या दिवशी वर विचारतात की किती केसेस केल्या. मला त्याचं पटतं. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाला पोरगा हुज्जत घालायला लागला तर तो संतापणारच. पण रस्ता मोकळा झाला की पोलिसाचं काम झालं ना? त्यानंतर पाच पोरांच्या नावावर आयुष्यभराचं ओझं टाकून कुणाचं काय भलं होतं?

पोरांना पण सांगतो, पोलिसाशी तोंड लावू नका. साध्या असभ्य वर्तनाच्या केसचं सरकारी कामात अडथळा व्हायला एक धक्का पुरतो, नुसता हात झटकला तरी. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागलं तर तो अजामीनपात्र मामला आहे, तिथे बाराशेवर सुटत नाही कुणी.

माझी भाची अमेरिकेत एमएस करते. मिडवेस्टमधलं युनिव्हर्सिटीचं गाव, शनिवारी कॉलेज फुटबॉलची मॅच असली की सगळं गाव पार्किंगमध्ये शेगड्या लावून बसतं, खाणं-पिणं, गाणी. तिथे ह्या चलानला तिकीटच म्हणतात, मॅचचं पण तिकीट आणि पोलिसाचं पण तिकीट. उघडा बिअरचा ग्लास घेऊन पार्किंगमधून रस्त्यावर आलं की तिकीट, एकवीसच्या आतलं पोरगं पिताना सापडलं की तिकीट, दंगा केला की तिकीट. तिच्या रूममेटला असंच एक मिळालं, ती मुलगी ऑनलाइन पैसे भरून मोकळी होणार होती, आपलं ई-चलान भरतो तसं, पण भाचीने तिला थांबवलं आणि युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कायदेशीर मदतीच्या ऑफिसमध्ये घेऊन गेली. तिथल्या वकील बाईंनी सांगितलं की थांब, काही भरू नकोस, नुसते पैसे भरलेस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, पहिली वेळ आहे तर आपण वेगळा मार्ग मागू, एक क्लास करायचा, काही तास समाजसेवा करायची, आणि केस काढून टाकायची. त्या मुलीसाठी हे किती महत्त्वाचं होतं बघा, अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर सरळ प्रश्न आहे की तुम्हाला कधी अटक झाली का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर तिथे कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांची नोंद एका फटक्यात रद्द झाली होती, त्यात किरकोळ ट्रॅफिकच्या प्रकरणांवाले पण होते, नंतर कोर्टकचेऱ्या होऊन परत लावली, पण ते दिवस कसे काढले असतील पोरांनी. म्हणजे सापळा तिथे पण तोच आहे, पैसे भरले की संपलं असं वाटण्याचा. फक्त तिथे त्या मुलीला सावध करायला एक बाई टेबल टाकून बसलेली होती. आमच्या पोरांना सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात जो भेटला त्याने कबूल म्हणा सांगितलं.

आणि असा वेगळा मार्ग आपल्या कायद्यात नाही असं नाहीये, हेच तर दुखतं. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे, प्रोबेशनचा. त्याच्या कलम ३ मध्ये आहे की पहिलाच गुन्हा असेल आणि किरकोळ असेल तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. आणि कलम १२ मध्ये आहे की असं सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागणार नाही. पासष्टपेक्षा जास्त वर्षं झाली ह्या कायद्याला! मागितलं असतं तर मिळू शकलं असतं. पण मागायचं असतं हे त्या पाचांना माहीत नव्हतं, आणि सांगायला वकील नव्हता. तो वकील पण फुकट मिळण्याचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात ताब्यात असलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदत आहे, उत्पन्न न बघता. कुणी सांगितलं त्यांना? पुण्यात एवढी लॉ कॉलेजेस आहेत, लॉ कॉलेज रोड नावाचा रस्ताच आहे आपल्याकडे, तिथल्या पोरांना मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाबरोबर एक टेबल टाकून बसवायला किती खर्च येतो? वर्षातून मोजक्याच मॅचेस होतात.

दुसरं, हे कलम ११०-११७ वालं जे आहे ते ई-चलानसारखंच तडजोडीत आणा ना. जागेवर दंड, भरला की संपलं, नाही पटलं तर कोर्टात जायची मोकळीक. केंद्र सरकारने २०२३ ला जनविश्वास कायदा केला, ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदी बदलल्या, कितीतरी ठिकाणी कैद काढून नुसता दंड ठेवला, कारण काय तर धंदा करणाऱ्यांना छोट्या चुकांसाठी गुन्हेगार ठरवू नये. चांगलं केलं, मला मनापासून पटतं ते. मग तोच विश्वास बावीस वर्षांच्या पोरावर का नाही? कारखान्यातून चूक झाली तर ती तांत्रिक, आणि सालगड्याच्या पोराने रस्त्यावर दहा मिनिटं नाच केला तर तो गुन्हा, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे.

तिसरं एकदम साधं आहे, कोर्टाच्या त्या खिडकीवर जी पावती देता तिच्यावर मराठीत दोन ओळी छापा. ही दोषसिद्धी आहे, सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये ही माहिती द्यावी लागेल. एवढं जरी छापलं असतं तर आमच्या पोराने खरं लिहिलं असतं. त्याला नोटीस नाचण्याबद्दल आलेलीच नाही, "नाही" लिहिल्याबद्दल आलीय. ती दोन अक्षरं त्याने अज्ञानातून लिहिली.

एक जण मला म्हणाला, अहो मग पोरांनी मॅचला जायचंच कशाला, अभ्यास करायला आलीत ना पुण्यात. ह्याचं मला खरंच वाईट वाटलं. दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहतात, सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात, तीन-तीन चार-चार वर्षं. त्यांनी वर्षातून एक दिवस कोहलीला बघायला जायचं नाही? एफसी रोडला गुडलक चौकात भारत जिंकल्यावर जी गर्दी होते त्यात उभं पण राहायचं नाही? आनंदाची सवयच मोडलेली माणसं उद्या खुर्चीत बसवून त्यांच्याकडून आपण माणुसकीची अपेक्षा कशी करायची.

त्या दिवशी आम्ही दोघं रात्री एकपर्यंत बसलो. खुलाशाचा मसुदा त्यानेच लिहिला, मी नुसत्या चुका काढल्या. पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं होतं की मित्रांच्या आग्रहामुळे मी तिथे थांबलो. ती ओळ त्याने स्वतःच खोडली, म्हणाला सर मला कुणी आग्रह केला नव्हता. तारीख, वेळ, जागा, कलम, दंडाची रक्कम सगळं जसंच्या तसं लिहिलं, खाली अवतार सिंग निकालाचा उल्लेख, सोबत त्या बाराशेच्या पावतीची झेरॉक्स. पावती इतकी विरली होती की झेरॉक्सवाल्याने दोनदा डार्क करून काढली. खुलासा रजिस्टर पोस्टाने पण पाठवला आणि हाती देऊन पोच पण घेतली. पोच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तो रोज सकाळी सहाला येऊन परत जुन्याच खुर्चीवर बसतो, पुढच्या जाहिरातीचा अभ्यास करतो, आणि अकरा वाजता पोस्टमन येऊन गेला की एकदा खाली येऊन मला विचारतो, काही आलं का सर.